यश, अपयश आणि आख्यान : राजकीय हत्याप्रयत्नांचे एक तौलनिक वाचन

राजकीय हत्येचा प्रयत्न सफल वा विफल का होतो, या प्रश्नाचे उत्तर आपली चरित्रे व नाटके बहुधा हल्लेखोराच्या निर्धारात शोधतात. पुणे व नाशिक येथील तीन घटना शेजारी ठेवल्या, तर हे उत्तर अपुरे असल्याचे ध्यानात येते.

२२ जून १८९७ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या समारंभाहून परतणाऱ्या रँडवर दामोदर चापेकर यांनी गणेशखिंड रस्त्यावर गोळी झाडली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकचे कलेक्टर जॅक्सन निरोपानिमित्त योजिलेल्या ‘संगीत शारदा’च्या प्रयोगास विजयानंद नाट्यगृहात आले असता अनंत कान्हेरे यांनी त्यांचा वध केला. २२ जुलै १९३१ रोजी फर्ग्युसन महाविद्यालयाला भेट देणारे हंगामी गव्हर्नर हॉटसन यांच्यावर वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने अगदी जवळून गोळ्या झाडल्या; हॉटसन वाचले. तिन्ही प्रसंग औपचारिक होते. सत्तेला प्रजेपुढे दर्शन द्यावे लागते आणि त्या दर्शनाची वेळ व जागा आधीच जाहीर असते. संधी निर्माण झाली ती यातूनच. निर्धार तिघांचाही सारखाच होता; परिणाम मात्र भिन्न झाला.

सहकाऱ्यांची संख्या हा घटकही एकसारखा फळत नाही. नाशिकला कान्हेरे यांचा नेम चुकल्यास पुढे होण्यासाठी कृष्णाजी कर्वे व विनायक देशपांडे सज्ज होते. एकाची कृती दुसऱ्यावर अवलंबून नव्हती. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत बिर्ला भवनात महात्मा गांधींवर झालेल्या प्रयत्नात मदनलाल पाहवाच्या स्फोटानंतर इतरांनी कृती करावयाची होती. ती साखळी तुटली आणि प्रयत्न फसला. दहा दिवसांनी एकट्या नथुराम गोडसेने तो तडीस नेला.

वाङ्मयाच्या अभ्यासकाने येथे थांबावयास हवे. हॉटसन कसे वाचले, याविषयी दोन कथने आढळतात : एकात खिशातील वस्तूच्या धातूवर गोळी अडली, तर दुसऱ्यात त्यांनी अंगात चिलखत घातले होते. पहिले कथन योगायोगाचे आहे, दुसरे शत्रूच्या भीतीचे. आख्यानाला योगायोग मानवत नाही, म्हणून अपयशाला ते प्रतिपक्षाच्या भित्रेपणाचे कारण पुरवते. यशाच्या कथेत तर योगायोग मुळीच उरत नाही, सारे काही अटळ भासू लागते.

या अटळपणाची किंमत कोणी मोजली, हेही पाहिले पाहिजे. १८९७च्या त्या रात्री रँडच्या मागून येणारे लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मरण पावले, तर रँड ३ जुलैला. त्यानंतरच्या दडपशाहीत लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून अठरा महिन्यांची शिक्षा झाली. म्हणजे नेम साधणे आणि राजकीय हेतू साधणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. सफल कृतीच्या आख्यानात आयर्स्ट यांना एखाद्या वाक्याहून अधिक जागा क्वचितच मिळते. विफल प्रयत्नांचे वाचन म्हणूनच अधिक उद्बोधक ठरते, कारण इतिहासाची अनिश्चितता तेथे अजून झाकली गेलेली नसते.