सह्याद्रीच्या पायथ्याचें रान : कर्जत-खालापूर प्रांताचा पूर्ववृत्तांत

कोंकण म्हटलें कीं माडांच्या बागा, मचवे आणि खारा वारा हींच प्रथम मनांत येतात. आमच्या कर्जत व खालापूर या दोन तालुक्यांस समुद्र नाहीं. तथापि हे तालुके कोंकणांतलेच होत, आणि किनाऱ्याचें जें कांहीं बरेंवाईट होतें त्याचें मूळ पुष्कळदां येथल्या डोंगरांत असतें. राजमाचीच्या डोंगरांत उगम पावलेली उल्हास नदी कर्जतावरून उत्तरेस जाऊन बदलापूर, कल्याण करीत वसईच्या खाडीस मिळते. खंडाळ्याच्या बाजूनें उतरलेली पाताळगंगा खोपोली व खालापूर या गांवांवरून पश्चिमेस वळते आणि धरमतरच्या खाडींत पडते. वसईच्या खाडीच्या मुखाशीं राहणारे आपले ख्रिस्ती कोळी बांधव जेथें जाळीं टाकतात, तेथील गोड्या पाण्यांत व गाळांत आमच्या रानाचाही वांटा आहे. खाडीकांठचीं तिवरें त्याच गाळांत रुजतात. यास्तव किनाऱ्याचा इतिहास लिहिणारानें एक पाय डोंगरांत ठेवावा, असें आमचें मत आहे.

हे डोंगर म्हणजे थिजलेला अग्निरस. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूमीच्या पोटांतून लाव्हारसाचे थर एकावर एक पसरले व त्यांचा काळा पाषाण झाला. माथेरान, प्रबळगड, इर्शाळगड, माणिकगड यांच्या कड्यांवर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. माथेरानच्या माथ्यावर या पाषाणाची झीज होऊन तांबडा जांभा झाला आहे. समुद्राकडून आलेले ढग या भिंतीस अडतात आणि चार महिन्यांत वर्षाचें सर्व पाणी देऊन जातात. पुढचे आठ महिने तें पाणी डोंगरानें किती धरून ठेवावें, हें रानावर अवलंबून असतें.

माणसानें या रानाचा उपयोग फार पूर्वींपासून केलेला आहे. कर्जतजवळील कोंडाण्याचीं बौद्ध लेणीं इसवी सनापूर्वीं पहिल्या-दुसऱ्या शतकांतलीं मानतात. तेथें लांकडी घराच्या तुळया व कमानी हुबेहूब दगडांत कोरल्या आहेत. ज्यांनीं त्या कोरल्या त्यांना सागवानी बांधकाम चांगलें परिचयाचें असलें पाहिजे. पुढें रानानें राजकारणांतही आपला हात दाखविला. १६६१ सालीं फेब्रुवारीच्या २ तारखेस शाइस्तेखानाचा सरदार कारतलबखान कोंकणांत उतरत असतां खालापूर तालुक्यांतील उंबरखिंडींत शिवाजीमहाराजांनीं त्यास गांठलें. दोन्ही बाजूंस दाट झाडी, वाट अरुंद, पाणी नाहीं; खानाच्या फौजेस मागें फिरतां येईना कीं पुढें जातां येईना. अखेर रायबागन या सरदारणीच्या सल्ल्यानें खान शरण आला. त्या लढाईचें अर्धें श्रेय मावळ्यांचें, तर अर्धें झाडीचें म्हणावें लागेल.

त्या झाडीस खरी ओहोटी लागली ती एकोणिसाव्या शतकांत. १८३० सालीं गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दींत बोरघाटांतून गाडीरस्ता खुला झाला. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर मॅलेट हे चौक गांवाकडून माथेरानवर चढले, आणि मुंबईच्या श्रीमंतांस थंड हवेचें एक ठिकाण मिळालें. १८५६ सालीं बोरघाटांतील लोहमार्गाचें काम सुरू झालें व १८६३ सालीं तें पुरें झालें. बर्कले हे त्याचे मुख्य इंजिनियर. २५ बोगदे खोदावे लागले. ट्रेडवेल नांवाच्या कंत्राटदारानें काम घेतलें, पण तो १८५९ सालीं येथें येऊन थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याच्या विधवा पत्नीनें तें कंत्राट आपल्या नांवानें पुढें चालविलें. पटकीनें व अपघातांनीं हजारों मजूर दगावले; त्यांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. आगगाडी आली तसें लांकूडही जाऊं लागलें. रुळांखालच्या स्लीपरांस साग लागे, मुंबईच्या चुलींस कोळसा लागे, आणि दोन्हींकरितां कुऱ्हाड आमच्याच डोंगरांवर चाले.

या घडामोडींत सर्वांत अधिक हाल झाले ते कातकऱ्यांचे. खैराच्या गाभ्यापासून कात काढणारे म्हणून त्यांचें नांव कातकरी. १८७८ च्या कायद्यानें सरकारनें रानें राखीव केलीं तेव्हां त्यांचा हा धंदा बसला, व पुष्कळांस कोळशाच्या भट्ट्यांवर मजुरीस जावें लागलें. आपल्याच रानांत तो चोर ठरला. जंगलच्या कायद्याविषयींचा असंतोष किती खोल होता हें १९३० सालीं २५ सप्टेंबरला याच जिल्ह्यांतील चिरनेर येथें गोळीबार झाला तेव्हां सर्वांस कळून आलें.

विजेच्या कारखान्यांनीं मात्र नद्यांचें रूप निराळ्याच रीतीनें पालटलें. टाटांनीं लोणावळ्याकडील तलावांचें पाणी नळांतून खालीं सोडून १९१५ सालीं खोपोलीस व १९२२ सालीं भिवपुरीस वीज काढण्यास आरंभ केला. जें पाणी पूर्वेस देशावर जावयाचें तें पश्चिमेस वळलें. यंत्रांतून सुटलेलें पाणी पाताळगंगेंत व उल्हासेंत येऊं लागल्यानें या नद्या उन्हाळ्यांतही वाहूं लागल्या, आणि कर्जताकडे राजनाल्याच्या पाण्यावर दुसरें पीक उभें राहिलें. देशावरच्या शेतकऱ्यानें गमावलेलें पाणी आम्हांस लाभलें, हेंही विसरतां कामा नये.

येथल्या वनस्पतींचा अभ्यास कोणी केला, हें आपल्या वाचकांस ठाऊक असावें. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील येशूसंघीय धर्मगुरु फादर ब्लॅटर हे जन्मानें स्विस. १९०६ सालीं त्यांनीं आरंभिलेला वाळविलेल्या वनस्पतींचा संग्रह आज त्यांच्याच नांवानें त्या कॉलेजांत आहे. १९३४ सालीं ते निवर्तले. त्यांच्यामागून स्पेन देशचे फादर सांतापाव यांनीं बोरघाटाच्या माथ्यावरील खंडाळ्याचें रान वर्षानुवर्षें पायांखालीं घातलें व तेथील वनस्पतींचा ग्रंथ १९५३ सालीं प्रसिद्ध केला. पुढें ते सरकारच्या वनस्पति-सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले, आणि १९६७ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. पाठीवर पेटी व हातांत कात्री घेऊन हिंडणाऱ्या अशा धर्मगुरूचें ठाकरांस नवल वाटलें असेल. पण झाडांचीं नांवें व उपयोग जाणणारे मूळ पंडित ते ठाकरच.

फादर सांतापाव यांनीं ज्यांविषयीं विशेष लिहिलें त्यांत कारवी येते. हें झुडूप सात-आठ वर्षें केवळ वाढतें, मग एका पावसाळ्याअखेरीस डोंगरचा डोंगर जांभळा करून टाकतें, आणि बीं धरून मरतें. मुंबईच्या आसपास ती २००८, २०१६ व २०२४ या सालीं फुलली. तिच्या काठ्यांचे कुड करून त्यांवर शेणमाती लिंपली कीं आदिवासींच्या घराची भिंत झाली. फुलाच्या सालीं मधमाश्यांचीही चंगळ असते.

प्राण्यांपैकीं वाघ गेला. १८८२-८३ सालीं निघालेल्या ठाणें व कुलाबा जिल्ह्यांच्या गॅझेटियरांत त्याची गणना आहे. आतां बिबट्या तेवढा उरला. भेंकर, पिसोरी, रानडुक्कर हीं आहेत, पण लपून. भीमाशंकरच्या बाजूस शेंकरूं दिसतें. तांबूस-तपकिरी रंगाची ही मोठी खार झाडावरून सहसा खालीं उतरत नाहीं. एका फांदीवरून दुसरीवर उडी घेऊनच तिचा प्रवास. तेव्हां मधलीं चार झाडें तोडलीं तर तिचा रस्ताच मोडला. तिच्यासाठीं १९८५ सालीं भीमाशंकरचें अभयारण्य झालें, व आपल्या राज्याचा प्राणी हा मान तिलाच आहे. गिधाडांची कथा दुःखाची. १९९० नंतर देशभर तीं झपाट्यानें नाहींशीं झालीं. गुरांस डायक्लोफिनॅक नांवाचें वेदनाशामक औषध देत. तें गुरूं मेल्यावर गिधाडानें खाल्लें कीं त्याचें मूत्रपिंड निकामी होई. २००६ सालीं गुरांकरितां या औषधावर बंदी आली, परंतु कड्यांवरचीं घरटीं पुन्हां पूर्वींसारखीं भरलीं नाहींत.

२०२३ सालीं जुलैच्या १९ तारखेस रात्रीं खालापूर तालुक्यांत इर्शाळगडाच्या कुशींतील इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. ती ठाकरांची वाडी. गाडीरस्ता नसल्यामुळें मदतीस गेलेल्या लोकांस पावसांत चिखलांतून चढावें लागलें व हातांनींच माती उपसावी लागली. २७ प्रेतें मिळालीं; ५७ माणसें सांपडलीं नाहींत, आणि चार दिवसांनीं शोध थांबविण्यांत आला. दरड कोसळण्याचा धोका असलेल्या गांवांच्या सरकारी यादींत ही वाडी नव्हती. वस्तुतः पश्चिम घाटांत कोठें हात लावूं नये याचा अहवाल माधव गाडगीळ यांच्या समितीनें २०११ सालींच सरकारास दिला होता, व माथेरानचा परिसर तर २००३ पासून संरक्षित म्हणून जाहीर आहे. अतिवृष्टि कोणाच्या हातीं नाहीं हें आम्हांस मान्य आहे. पण उतार कापून बंगल्यांकरितां जमिनी सपाट करणें हें माणसाच्याच हातीं आहे, आणि तो उद्योग कर्जतच्या बाजूस भरदिवसा चालतो.

रानाचें जें ज्ञान अद्याप जिवंत आहे तें बहुतेक ठाकर-कातकरी बायकांपाशीं आहे. पहिला पाऊस पडला कीं त्या शेवळें, कुर्डू, टाकळा, भारंगी अशा भाज्या टोपल्यांतून बाजारीं आणतात. आमच्या तरुण मंडळींनीं त्यांच्यापाशीं दोन घटका बसून हीं नांवें व कृति वहींत उतरून घ्यावीं. शेवळें घ्यावयाचें असेल तर तिच्याकडूनच काकडाचीं आंबट फळेंही मागून घ्यावीं. त्यांच्यावांचून शिजविलेल्या शेवळ्यानें घसा खवखवतो.