नळी मोडली की साल बदलतं

रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघाली आहे. पोलिसांची सशस्त्र मानवंदना मघाशीच झाली. देवाला पोलिसांनी सलामी द्यायची ही रोह्याची जुनी शान. गर्दीच्या रेट्यात तुम्ही सरकत सरकत फुगेवाल्याच्या फळीसमोर येऊन पोचता. लाल, पिवळे, निळे फुगे. टेबलावर तीन छर्‍याच्या बंदुका, दस्त्याचा रंग पार उडालेला.

पैसे टेकवता. नळी मोडून छर्रा भरता, नळी सरळ करता. लाल फुगा नळीच्या टोकावरच्या माशीवर घेऊन चाप ओढता. छर्रा फळीत, फुग्याच्या उजवीकडे. दुसराही उजवीकडे. तिसराही! मागून कोणीतरी खुदकन हसतं. "साहेब, अजून तीन घ्या," फुगेवाला म्हणतो. तुम्ही जरा चिडूनच नळी पुन्हा मोडता. 'खट्'.

ढोल थांबतो. नाकात ओल्या शाडूचा वास भरतो.

पेण, 1978. रोह्यापर्यंत रेल्वे पोचायला अजून आठ वर्षं आहेत, तुम्ही एसटीने आला आहात म्हणायचं. ओटीवर ओळीने गणपती वाळत आहेत, अजून रंग नाही, डोळे नाहीत. मागच्या अंगणात काका तेलकट फडक्यातून एक बंदूक काढतात. फुगेवाल्याच्या बंदुकीपेक्षा वीतभर लांब आणि हाताला चांगलीच जड.

"नॅशनल 35," काका म्हणतात. "इंडियन ह्यूम पाइपवाल्यांची."

ह्यूम पाइप म्हणजे वालचंद हिराचंदांनी 1926 साली काढलेली कंपनी, सिमेंटचे नळ करणारी. नळ करणार्‍यांनी नळीही करावी, यात मला तरी एक गंमत वाटते. बंदुकीचा मूळ वंश मात्र जर्मन. रास्टाट गावच्या डायना कारखान्याची 35 नंबरची बंदूक तिची आई. डायनात 25 नंबर पोरासोरांना झेपेल अशी हलकी, 35 थोराड आणि स्प्रिंग दणकट. गावाकडे मात्र नंबराची चौकशी कोणी करत नाही, "पत्रा फुटतो का?" एवढंच विचारतात.

"उघडून दाखवू?" काका विचारतात आणि उत्तराची वाट न बघता पेचकस घेतात. आतला कारभार अगदी साधा. नळी मोडली की स्प्रिंग दबते आणि खटक्यात अडकते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, तिच्या पुढचा दट्ट्या धावतो, समोरची हवा चेपतो आणि ती हवा छर्‍याला ढकलते. दट्ट्याच्या तोंडाशी चामड्याचा वॉशर. काका त्याला शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पाजतात. "चामडं सुकलं की बंदूक म्हातारी झाली."

ते आत पाणी प्यायला जातात आणि तुम्ही आणखी चार थेंब सोडता. वनस्पती तुपाचा रिकामा डबा कुंपणावर, तुम्ही नेम धरता. धाड! नळीतून निळसर धूर. चेपलेली हवा तापते, तेल पेट घेतं. डिझेल इंजिनात होतं तेच. काका धावत येतात. "अरे, स्प्रिंग तुटेल ना!" त्यांच्या मागोमाग आजी, हाताला शाडू. ती एक एक गणपती बघून घेते आणि मग तुमच्याकडे वळते. "मूर्तीला नाही लागलं म्हणून वाचलास. आणि पाखराला लावलंस तर पान वाढणार नाही, सांगून ठेवते." वन्यजीव कायद्याला तेव्हा सहा वर्षं झालेली होती. त्या अंगणात कायद्यापेक्षा आजी जास्त पोचलेली होती.

डब्याला छर्रा लागलेला नसतो. काका तुमची बोटं दस्त्यावरून सैल करतात. "आवळून धरू नको. ही दोनदा हिसका देते." दट्ट्या पुढे सुटताना बंदूक मागे येते, तो टोकाला आदळला की पुढे जाते, आणि छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आधी हे सगळं घडून जातं. म्हणून बंदुकीला तळहातावर नुसतं झोपवायचं, तिला हवं तसं हलू द्यायचं. पुढचा छर्रा तुम्ही तसाच मारता. डबा कुंपणावरून खाली.

हा हिसका कसा घालवायचा, याच प्रश्नाभोवती पुढची कित्येक मॉडेलं फिरली. डायनाने 65 आणि 75 नंबरात दोन दट्टे घातले, एक पुढे धावणारा, एक मागे, म्हणजे हिसक्याला हिसका. फाइनवर्कबाऊने 300 नंबरात यंत्रणा दस्त्यावरच्या रुळांवर बसवली. धक्का बसला की ती मागे घसरते, गालाला काही कळत नाही. वॉल्टरने तर स्प्रिंगच काढून टाकली आणि एका बाजूच्या दांड्याने हवा आधीच चेपून ठेवली. 1984 साली लॉस एंजेलिसला एअर रायफल ऑलिंपिकमध्ये आली, तोवर स्प्रिंगची सद्दी संपत आली होती.

पुन्हा 'खट्'. आता तुम्ही 2004 च्या अथेन्समध्ये आहात. दहा मीटरवर कागद, त्यावर दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटर. अंतिम फेरीतल्या आठ जणींत एक तुमच्या रायगडची, पनवेलकर सुमा शिरूर. त्याच वर्षी क्वालालंपूरला तिने 400 पैकी 400 मारले आहेत, चाळीस छर्रे, चाळीस दहा. अथेन्सला ती आठवी येते. तुम्हाला चुटपुट लागते, पण दोन वर्षांनी नवीन पनवेलला तिचा लक्ष्य शूटिंग क्लब उभा राहणार आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे.

तिथली पोरं नळी मोडत नाहीत. नळीखालच्या नळकांड्यात सुमारे दोनशे बार दाबाची हवा आधीच भरलेली, मोटारीच्या चाकाच्या शंभर पटीच्या आसपास. चाप ओढला की झडप क्षणभर उघडते. हिसका जवळजवळ नाहीच.

आणि ही नवी वाटणारी युक्ती खूप जुनी आहे. आणखी एक 'खट्', आणि 1780 साली ऑस्ट्रियाच्या सैन्यातल्या शिपायाचा दस्ता तुमच्या हातात येतो. दस्ता पोकळ, आत चेपलेली हवा, वर वीस गोळ्या. गिरांदोनी नावाच्या कारागिराची करामत. ती टाकी भरायला पंप दीड हजार वेळा मारावा लागतो. शंभरालाच तुम्ही हात टेकता. स्प्रिंग का बरी, हे दंडात आलेले गोळे सांगतात.

परत रोहा. पालखी पुढच्या आळीत गेली आहे. घरी एखादी घ्यावी असं मनात आलं असेल तर हवा कुठे साठते तेवढं आधी विचारा, बाकी रंग आणि दुर्बीण. तिकडे अंबरनाथला प्रेसिहोल कंपनी बंदुका करते, धातूत खोल भोकं पाडायची यंत्रं करणार्‍यांची. तिच्या बंदुकांच्या नावातलं पहिलं अक्षर बघा: एस म्हणजे स्प्रिंग, एन म्हणजे स्प्रिंगच्या जागी वायू, पी म्हणजे आधी भरलेली हवा. 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठी नळी किंवा 20 जूलपेक्षा जास्त जोर असेल तर परवाना लागतो.

फुगेवाला अजून तुमच्याकडे बघतो आहे. बंदूक उचला, आवळू नका. आणि माशी नीट बघा, ती डावीकडे वाकलेली आहे, म्हणून छर्रा उजवीकडे जातो. फुग्याच्या थोडा डावीकडे नेम धरा.