दोन नावांचा मुलूख

अलास्काच्या उत्तरेस, ध्रुववृत्त ओलांडल्यावर, ब्रुक्स पर्वतराजीत सुमारे ८४ लक्ष एकरांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात मोटारीचा रस्ता नाही, आखलेली पायवाटही नाही. तेव्हा प्रवासाची तजवीज करणाऱ्यास नकाशाचाच काय तो आधार, आणि त्यावरील नावे लक्षपूर्वक वाचली तर या मुलखाच्या इतिहासाचा बराचसा उलगडा त्यांतूनच होतो.

१९२९ मध्ये न्यूयॉर्कचा तरुण वनशास्त्रज्ञ रॉबर्ट मार्शल येथे आला. वृक्षरेषेवरील झाडांच्या वाढीचा अभ्यास हे निमित्त होते. खरी ओढ होती ती नकाशावरील कोऱ्या जागेची. कोयुकुक नदीच्या उत्तर शाखेने वर जाताना तिच्या दोन्ही अंगांस समोरासमोर उभी ठाकलेली फ्रिजिड क्रॅग्ज आणि बोरियल ही शिखरे पाहून त्याने त्या जोडीस 'गेट्स ऑफ द आर्क्टिक', म्हणजे ध्रुवप्रदेशाची महाद्वारे, असे भारदस्त नाव दिले. उद्यानाचेही तेच नाव आहे.

परंतु जी जागा मार्शलला कोरी दिसली, ती नुनामिउट लोकांच्या पाठ होती. कॅरिबू हरणांच्या कळपांमागे फिरणाऱ्या या लोकांचे, १९४९ च्या सुमारास स्थिरावलेले, गाव आज उद्यानाच्या हद्दीतच आहे. त्याचे नाव अनाक्टुवुक, आणि अर्थ कॅरिबूच्या लेंड्यांची जागा! नावात शोभा नाही खरी; पण कळप कोणत्या खिंडीने जातो, म्हणजेच हिवाळ्याची बेगमी कोठे होईल, हे त्या एका शब्दात नोंदलेले आहे.

२ डिसेंबर १९८० च्या कायद्याने उद्यान स्थापन झाले, तेव्हा स्थानिकांचा उदरनिर्वाहाच्या शिकारीचा हक्क अबाधित राखला गेला. आजचा प्रवासी बहुधा फेअरबँक्सहून बेटल्सला येतो आणि तेथून लहान विमानाने एखाद्या तळ्यावर किंवा नदीच्या वाळवंटावर उतरतो. अस्वलाला न उघडणाऱ्या डब्यांत शिधा भरणे, परतीचे विमान हवामानाने अडले तर पुरेल इतका तो अधिक घेणे, आपला मार्ग मागे कोणास तरी लिहून देणे, हा सारा बंदोबस्त त्याला निघण्यापूर्वीच करावा लागतो. महाद्वारांच्या नावाने तो येथवर ओढला जातो. पण वैमानिक ओझे तोलू लागला, की लेंड्यांवरून गावाचे नाव ठेवणाऱ्यांची दूरदृष्टी त्यास प्रथमच पटते.