धोंडो, दगडू, भिकाजी : जुन्या नावांमागची काळजी

बारशाला आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्र’ केले की पाहुण्यांचा पहिला प्रश्न असतो, “अर्थ काय हो नावाचा?” रेयांश, विहान ऐकून आजी-आजोबा चक्रावतात, आणि पणजोबांचे नाव दगडू होते हे कळले की नातवंडांना हसू आवरत नाही. सरकारी नोकरीमुळे आमच्या हाती जुनी कागदपत्रे येतात. त्यांत धोंडो, दगडू, भिकाजी, केरू, उकिरडा ही नावे जागोजागी भेटतात. आपल्या पूर्वजांना चांगली नावे सुचत नव्हती काय?

तसे मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे २०० मुले वर्षाच्या आत दगावत. ज्या घरात ओळीने दोन-तीन पाळणे रिकामे झाले, तिथे पुढच्या बाळाला गोजिरे नाव ठेवण्याची भीती वाटे. सुंदर नावाला दृष्ट लागते, अशी समजूत होती. म्हणून धोंडा, दगड, केर, उकिरडा यांवरून नाव ठेवायचे, म्हणजे यमालाही ते मूल नेण्याजोगे वाटू नये. दगडासारखे टिकावे, हीही इच्छा त्यात असे. भिकाजी म्हणजे देवापुढे पदर पसरून, भीक मागून मिळालेला.

पुढे ही नावे इतकी रुळली की त्यांचा अर्थ कोणी विचारीनासे झाले. १८५७ च्या संग्रामातील नानासाहेब पेशव्यांचे नाव धोंडोपंत. पुण्याच्या सुप्रसिद्ध गणपतीला ज्यांचे नाव लागले ते दगडूशेठ हलवाई. स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वेचणारे महर्षी धोंडो केशव कर्वे १८५८ साली जन्मले आणि १९६२ साली, १०४ वर्षांचे होऊन गेले. नाव सार्थ झाले म्हणायचे! मात्र दादासाहेब फाळके यांचे ‘धुंडिराज’ हे नाव या माळेतले नव्हे. धुंडिराज म्हणजे काशीचा गणपती.

या प्रथेला एक काळी बाजूही आहे. मुलगा जगावा म्हणून त्याला ओबडधोबड नाव दिले, तर मुलगी पुन्हा होऊ नये म्हणून तिचे नाव ‘नकुशी’ ठेवले. पहिल्या नावात माया लपलेली होती, दुसऱ्यात नकार उघडा होता. ही फार जुनी गोष्ट नाही. २०११ साली सातारा जिल्ह्यात २८५ ‘नकुशीं’ना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. त्यांतल्या कित्येकींनी आपली नावे स्वतः निवडली.

आज आपण हौसेने नाव निवडतो, कारण बाळ जगेल याचा आपल्याला भरवसा आहे. २०२० साली भारतात बालमृत्यूचे प्रमाण हजारी २८ वर आले होते. लस, स्वच्छ पाणी आणि दवाखाना यांनी आपल्याला हे स्वातंत्र्य मिळवून दिले आहे.

महाराष्ट्रापासून दूर स्थिरावलेल्या आपल्या घरांत जुने वाडे राहिले नाहीत, कागदही विरले. पूर्वजांची नावे तेवढी उरली आहेत. या गणेशोत्सवात घरची सगळी मंडळी एकत्र जमतील, तेव्हा वडीलधाऱ्यांना विचारून ती अर्थासह वहीत उतरवून ठेवावीत. मुलांची नावे हवी तशी नवी ठेवावीत. पण पणजोबांच्या ‘दगडू’ला हसण्याआधी, त्यांच्या आधीचे किती पाळणे रिकामे झाले होते, तेही मुलांना सांगावे.