ब्रेक ऑइलमध्ये मुरणारे पाणी

१९२१ च्या सुमारास अमेरिकेतील ड्यूझेनबर्ग मोटारीच्या चारही चाकांना द्रवदाबाचे ब्रेक लाभले. पुढे हेच तंत्र प्रीमियरच्या कुर्ल्यात घडलेल्या फियाटमधून मुंबईच्या घरोघरी पोहोचले. आरंभीच्या ब्रेकद्रवांत एरंडेल व अल्कोहोल असे. आजचा द्रव बहुधा ग्लायकोलयुक्त असतो, तरी बोलीत तो ‘ब्रेक ऑइल’च राहिला.

हा द्रव हवेतील बाष्प शोषतो. डॉट-३ प्रतीच्या कोऱ्या द्रवाचा किमान उत्कलनबिंदू २०५ अंश सेल्सिअस, पाणी मुरल्यावर मात्र १४०. खाडीकाठच्या दमट हवेतील हाटकेशची मोटार घोडबंदरच्या गायमुख उतारावर सतत ब्रेक लावत उतरली, तर जुना द्रव उकळून वाफ होते. वाफ दाबली जाते. पेडल तळाला टेकते, गाडी थांबत नाही. डबी काठोकाठ भरलेली असली, तरी साधारण दोन वर्षांनी द्रव बदलतात तो यासाठीच.