महागाई मोजायची कशी? भोर-वेल्ह्याच्या कणगीपासून किराण्याच्या पिशवीपर्यंत



संशोधनाची तयारी करणाऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो. "विषय तर सापडला, पण त्याचा संशोधन प्रश्न कसा करायचा?" आज एक अगदी रोजचा विषय घेऊ. घरखर्च भागत नाही, किराणा परवडत नाही. भोर किंवा वेल्ह्यातल्या (आता अधिकृतपणे राजगड तालुका) कुठल्याही गावात बसलात तर दहा मिनिटांत हे वाक्य कानावर येतं. त्यामागोमाग दुसरं येतं, "पूर्वी स्वस्ताई होती." आणि सरकारी आकडा काय सांगतो? ऑक्टोबर 2025 मध्ये देशातला किरकोळ महागाईचा दर फक्त 0.25 टक्के होता, आणि अन्नपदार्थांचा तर शून्याच्या खाली, उणे 5.02 टक्के.

मग लोक खोटं बोलतात की आकडा खोटा आहे? दोन्ही नाही. हे का, ते समजायचं तर थोडं इतिहासात जावं लागतं.

आधी आकडा नीट वाचू

महागाईचा दर म्हणजे भाव नव्हे. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याच्या तुलनेत भाव किती बदलले, एवढंच तो सांगतो. ऑक्टोबर 2024 मध्ये अन्नपदार्थांची महागाई 10.87 टक्के होती, भाज्यांची तर 42 टक्क्यांच्या वर. म्हणजे 2023 मध्ये 100 रुपयांना मिळणारी अन्नाची टोपली 2024 मध्ये साधारण 111 रुपयांची झाली आणि 2025 मध्ये 105 च्या आसपास उतरली. दर "उणे" झाला, पण टोपली 100 वर काही आली नाही. भौतिकशास्त्र शिकलेल्यांनी वेग आणि अंतर यांतला फरक आठवावा. वेग शून्य झाला म्हणून गाडी निघाली तिथे परत पोहोचत नाही.

ही झाली पहिली पायरी. पण अजून एक प्रश्न उरतो. टोपलीत काय धरायचं, आणि ती टोपली कुणाच्या घरातली?

घरखर्चाचा हिशेब मांडणारे विज्ञानवाले

कुटुंबाच्या खर्चाचा शास्त्रीय अभ्यास करणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक म्हणजे जर्मनीतला अर्न्स्ट एंगेल. शिक्षण खाणकामाचं. 1857 मध्ये त्याने बेल्जियमच्या कामगार कुटुंबांचे हिशेब तपासून एक नियम मांडला. कुटुंब जितकं गरीब, तितका त्याच्या खर्चातला अन्नाचा वाटा मोठा. अर्थशास्त्रात आजही हा "एंगेलचा नियम" म्हणून शिकवतात.

आपल्याकडचं नाव म्हणजे हॅरॉल्ड मान. हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. आधी चहाच्या मळ्यांसाठी संशोधन केलं, मग पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. 1917 मध्ये त्यांचा पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. होय, आज जिथे उंच सोसायट्या आणि आयटीवाल्यांची गर्दी आहे, तेच पिंपळे सौदागर. मान यांनी प्रत्येक घराची जमीन, उत्पन्न, कर्ज आणि जगायला लागणारा किमान खर्च एकमेकांशेजारी ठेवला. 1771 मध्ये तिथली सरासरी जमीनधारणा 40 एकर होती, ती 1914-15 पर्यंत 7 एकरांवर आली होती. केवळ जमिनीवर नीट भागणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. बाहेरची मजुरी धरली तरी निम्म्याहून जास्त घरांचा हिशेब जुळत नव्हता.

म्हणजे "पूर्वी स्वस्ताई होती" हे वाक्य जपून वापरायला हवं. शंभर वर्षांपूर्वी रुपयाला धान्य जास्त मिळत असेल, पण तो रुपया घरात यायचा कुठून?

डोंगरातलं घर वेगळं

आता भोर-वेल्ह्याकडे येऊ. इथे संशोधकाने एक गोष्ट आधीच लक्षात ठेवायची. हा भाग पुणे जिल्ह्यात आहे खरा, पण 1948 च्या मार्चपर्यंत भोर हे पंतसचिवांचं संस्थान होतं. राजगड आणि तोरणा हे किल्लेही त्याच संस्थानात. त्यामुळे पुणे जिल्ह्याच्या ब्रिटिशकालीन आकडेवारीत हा मुलूख आपोआप सापडेल असं धरून चालू नका. पिंपळे सौदागरचे निष्कर्षही इथे जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. ते सपाटीवरचं गाव. इथे डोंगरउतार आणि धो धो पाऊस.

डोंगरातली शेती म्हणजे खाचरात भात आणि उतारावर नाचणी, वरई. राब भाजायचा, रोपं तयार करायची, पावसात लावणी करायची. भात हे हातात पैसा आणणारं पीक, त्यामुळे ते अनेकदा विकलं जायचं आणि घरात नाचणीची भाकरी व्हायची. कणगीत धान्य असेपर्यंत बाजारभावाशी फारसा संबंध नाही. विकत आणायचं ते मीठ, तेल, गूळ, कापड. खरी अडचण कणगीचा तळ दिसल्यावर, म्हणजे ऐन पावसाळ्यात, कामाचा ताण सर्वांत जास्त असताना. आजींना "त्या काळी काय भाव होता?" असं विचारू नका. "कणगी कुठल्या महिन्यापर्यंत पुरायची?" असं विचारा. भाव आठवणीत घसरतात. पण कुठल्या सणाला उसनं धान्य आणावं लागलं, हे लोक विसरत नाहीत.

कणगी पुरत नाही म्हटल्यावर घरातला माणूस बाहेर पडायचा. मावळ खोऱ्यांतून मुंबईच्या गिरण्या, गोदी, पुण्याच्या पेठांतली हमाली, अशा वाटा पडल्या. गावात बायकामाणसं शेती सांभाळायची आणि मनीऑर्डरची वाट बघायची. इथे एक मोठा बदल झाला. घराचं पोट आता दोन ठिकाणी भरायचं होतं, आणि त्यातलं एक पूर्णपणे विकतच्या धान्यावर.

शहरातल्या त्या पोटाचे आकडे मात्र उपलब्ध आहेत. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने 1921-22 मध्ये अडीच हजारांच्या आसपास कामगार कुटुंबांचे खर्च गोळा केले. अहवाल 1923 चा. निम्म्याहून जास्त खर्च अन्नावर होत होता. आणि त्यातला सर्वांत बोचरा निष्कर्ष असा, की तुरुंगाच्या नियमांत कैद्याला जेवढा आहार ठरवून दिला होता, त्यापेक्षा कामगाराचा आहार कमी भरत होता. ही तुलना कुणा पुढाऱ्याच्या भाषणातली नाही, सरकारी अहवालातली आहे. आकडेवारीत एवढी ताकद असते, फक्त तुलना कशाशी करायची ते कळायला हवं.

दुष्काळ तिकडे, भाव इकडे

1972 च्या दुष्काळाचं उदाहरण घ्या. पुणे जिल्ह्यात दुष्काळ म्हटलं की बारामती, इंदापूर, दौंड, शिरूर हा पूर्वेचा पट्टा डोळ्यांसमोर येतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या वेल्ह्याचं नाव त्या यादीत कुणी घेत नाही. पण धान्याचा भाव एका तालुक्याचा नसतो. पुण्यात हमाली करणाऱ्याला धान्य बाजारभावानेच घ्यावं लागतं, मग त्याच्या गावात पाऊस पडो न पडो. 1973-74 आणि 1974-75 या दोन्ही वर्षांत देशातली घाऊक महागाई वीस टक्क्यांच्या घरात किंवा त्याहूनही वर गेली. परदेशातून आलेला लाल मिलो आणि दुष्काळी कामांवरची सुकडी त्या पिढीला आजही आठवते.

त्या काळाने दोन प्रकारची उत्तरं दिली. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. आणि पुण्यात बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने 1974 मध्ये "कष्टाची भाकर" सुरू केली. ना नफा, ना तोटा या तत्त्वावर कष्टकऱ्याला पोटभर जेवण. पुढच्याच वर्षी मुंबईत प्रेमा पुरव यांनी खानावळ चालवणाऱ्या बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. या बायका वाण्याकडून उधारीवर सामान आणून कामगारांना डबे घालायच्या. कामगाराची महागाई आधी त्यांच्या चुलीवर यायची. महागाईचा इतिहास लिहिताना भावाच्या तक्त्यांइतकीच ही माणसंही स्रोत आहेत.

दोन घरांचा हिशेब

आता कागद-पेन घ्या. एकाच गावातली दोन घरं समजू. आकडे हिशेबासाठी धरलेले आहेत. दोन्ही घरांना महिन्याला 20 किलो तांदूळ, 4 लिटर तेल आणि 3 किलो तूरडाळ लागते. तांदूळ 50 वरून 60 रुपये झाला, तेल 130 वरून 160, डाळ 120 वरून 150.

पहिल्या घरात स्वतःचा इंद्रायणी तांदूळ आहे. त्याचा खर्च फक्त तेल-डाळीचा. आधी 880 रुपये, आता 1090. वाढ 210 रुपये, म्हणजे जवळपास 24 टक्के.

दुसरं घर भूमिहीन. तांदूळही विकतचा. आधी 1880, आता 2290. वाढ 410 रुपये, म्हणजे जवळपास 22 टक्के.

बघा, टक्केवारीत पहिल्या घराची महागाई जास्त दिसते आणि रुपयांत दुसऱ्या घराला जवळपास दुप्पट फटका. शिवाय पहिल्या घराने दहा-वीस किलो तांदूळ विकला, तर भाववाढीचा त्याला फायदाच. तालुक्याची सरासरी काढली की ही दोन्ही घरं एकमेकांत विरघळून जातात.

यात रेशन धरलं की चित्र पुन्हा बदलतं. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातल्या प्राधान्य कुटुंबाला माणशी 5 किलो धान्य मिळतं, जानेवारी 2023 पासून मोफत. त्याने दुसऱ्या घराचा तांदूळ बराचसा सुटतो. पण तेल, डाळ, भाजी, गॅस, शाळेचा खर्च बाजारातच राहतो. देशाच्या आकड्यांत हे स्पष्ट दिसतं. ग्रामीण कुटुंबाच्या खर्चात तृणधान्यांचा वाटा 1999-2000 मध्ये सुमारे 22 टक्के होता, तो 2022-23 मध्ये 5 टक्क्यांच्या आसपास आला. तरीही एकूण अन्नावरचा वाटा 46 टक्क्यांच्या वर आहे, आणि 2023-24 मध्ये तो 47 झाला.

म्हणजे आजची ओढाताण भाकरीची कमी आणि भाकरीबरोबरच्या कालवणाची जास्त आहे. आणि ते कालवण फार लांबून येतं. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आयात होतं. 2022 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, आणि सप्टेंबर 2024 मध्ये आपल्याच सरकारने खाद्यतेलावरचं आयात शुल्क वाढवलं. असे निर्णय जकार्ता-दिल्लीत होतात आणि नसरापूरच्या किराणा दुकानात पोहोचतात. ज्या घराला आजीच्या काळात मीठ आणि तेल एवढंच बाहेरून लागायचं, ते घर आज जगाच्या बाजाराला बांधलेलं आहे. "पूर्वी स्वस्ताई होती" या वाक्याचा अर्थ बहुतेक वेळा "पूर्वी इतकं विकत घ्यावं लागत नव्हतं" असा असतो.

तुम्ही हा विषय घेतलात तर

"भोर तालुक्यातील महागाईचा अभ्यास" असं शीर्षक देऊ नका. त्याला ना सुरुवात आहे ना शेवट. त्याऐवजी विचारा, "गेल्या पन्नास वर्षांत एका गावातल्या घरांत विकत घेतलेल्या अन्नाचा वाटा कसा बदलला?" हे मोजता येतं.

घरं निवडताना जमीन असलेली, भूमिहीन, धरणामुळे जमीन गेलेली आणि शिरवळ-खेड शिवापूरच्या कारखान्यांत रोज ये-जा करणारी, असे गट वेगळे ठेवा. भाटघर, पानशेत, नीरा-देवघरचं पाणी जिथे पसरलं, तिथे कणगी एकदम रिकामी झाली. तिची तुलना हळूहळू रिकामी झालेल्या कणगीशी करता येईल. घरच्या धान्याला किंमत लावताना कुठला भाव धरला, ते लिहून ठेवा. शेतावरचा भाव आणि दुकानातला भाव यांत निष्कर्ष उलटू शकतो.

दुकानदाराची उधारीची वही हा सोन्यासारखा स्रोत आहे. घर कधी तेल अर्ध्या लिटरवरून पाव लिटरवर आलं, हे कुठल्याही निर्देशांकात नाही, त्या वहीत आहे. पण ती दुसऱ्याच्या अडचणीची नोंद आहे. दुकानदाराची आणि त्या घराचीही परवानगी घ्या, नावं झाकून टाका, फोटो काढून मित्रांना पाठवू नका.

आणि मुलाखतीत कुणी म्हणालं, "परवडत नाही," तर तिथे लगेच सरासरीचा आकडा तोंडावर मारू नका. काय कमी केलं ते विचारा. दूध? डाळ? की औषध? उत्तर मिळालं की तुमच्या तक्त्यात एक नवा रकाना तयार होईल. माझ्या मते या विषयातला सर्वांत महत्त्वाचा रकाना तोच आहे.