छायाचित्राचे चित्र होताना

संगणकात उतरलेले पहिले छायाचित्र १९५७ सालचे. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील रसेल कर्श यांनी आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो स्कॅन केला. आडवे १७६ आणि उभे १७६, म्हणजे सुमारे ३१ हजार ठिपके. फोटो एकदा आकड्यांत आला की शाळेत शिकलेले गणित त्याला लागू होते. उजेड वाढवायचा तर प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात थोडे मिळवायचे. धूसर करायचे तर शेजारच्या ठिपक्यांची सरासरी काढायची. माझ्या व्यवसायातले बरेचसे गुपित एवढेच आहे, हे आपल्या गणिताच्या शिक्षकांना वाचून बरे वाटेल.

फोटोवर हात फिरवण्याची हौस मात्र संगणकाहून जुनी. अन्सेल अॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतल्या हर्नांडेझ गावावर उगवलेला चंद्र टिपला आणि पुढची कित्येक वर्षे डार्करूममध्ये त्याच निगेटिव्हवरून नव्या प्रती काढताना आकाश अधिकाधिक काळे करत नेले. आपल्याकडेही भिंतीवरच्या आजी-आजोबांच्या फोटोंत साडीचा काठ नि गालांची लाली कुणीतरी कुंचल्याने भरलेली असे.

१९८७ साली मिशिगन विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या थॉमस नॉल यांनी पडद्यावर करड्या छटा दिसाव्यात म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. भाऊ जॉन चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्समध्ये होता, त्याला त्यात मोठी शक्यता दिसली. त्यातूनच फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप बाजारात आले. प्रात्यक्षिकासाठी जॉन वापरत तो फोटो होता बोराबोरा बेटाच्या किनाऱ्याचा: निळे पाणी, समोर डोंगर आणि पाठमोरी बसलेली त्यांची भावी पत्नी.

त्याच १९९० मध्ये पॉल हेबर्ली यांनी फोटोचे रंगचित्र करण्याची युक्ती मांडली. फोटोतल्या त्या त्या जागेचा रंग उचलायचा, पण ठिपक्याऐवजी कुंचल्याचा फटकारा द्यायचा, आणि उजेड-सावलीच्या कडेप्रमाणे त्याची दिशा ठरवायची. नंतरच्या 'ऑइल पेंटिंग' फिल्टरांमागे हाच विचार दिसतो. १९९४ मध्ये फोटोशॉपमध्ये थर आले. ट्रेसिंग पेपर ठेवून नकाशा गिरवावा तसे वरच्या थरावर हवे ते करा, खालचा मूळ फोटो शाबूत.

१९९६ साली आपण दहावीचे पेपर लिहिले. त्याच जानेवारीत चार्ल्स ओरिअर यांनी कॅलिफोर्नियात एका हिरव्या टेकडीचा फोटो काढला. पुढे विंडोज एक्सपीच्या पडद्यावर आपण सर्वांनी तो पाहिला आणि बहुतेकांना वाटले, हे संगणकावर केलेले असणार. प्रत्यक्षात टेकडी खरी आणि रंग फिल्मचे होते. २०१५ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी ट्युबिंगन गावच्या नदीकाठच्या घरांचा फोटो व्हॅन गॉगच्या शैलीत रंगवून घेतला, तोही संगणकाकडूनच.

म्हणजे आता काहीही करता येते. प्रश्न उरतो तो काय करू नये हा. १९८२ च्या फेब्रुवारीत नॅशनल जिओग्राफिकने उभ्या मुखपृष्ठात बसावेत म्हणून गिझाचे पिरॅमिड संगणकावर जवळ सरकवले, तेव्हा मोठा वाद झाला. चित्रकाराने ते केले असते तर कुणी हरकत घेतली नसती. बातमी देणाऱ्या फोटोत ते चालत नाही.

या स्मरणिकेसाठी मैदानातल्या वडाचे चित्र करताना मला हाच प्रश्न पडला. झाड आता नाही. हाती आलेल्या एकुलत्या एका फोटोत फांद्यांचा डावा भाग कापला गेलाय, खाली गंजके सायकल स्टँड आहे आणि कडेला घंटेकडे निघालेले शिपाईमामा अर्धेच दिसतात. स्टँड नि मामा काढून तिथे पाने भरून टाक, असे काहींनी सुचवले. सॉफ्टवेअर ते मिनिटभरात करते. पण ती पाने आपल्या वडाची नसती, आणि मामांचा दुसरा फोटो आपल्यापैकी कुणाकडेच नाही.

म्हणून पारंब्यांना मी कुंचल्याचे फटकारे दिले, आभाळाला जूनमधल्या पहिल्या दिवसाचा रंग दिला. मामांना हात लावला नाही. चित्राशेजारी मूळ फोटोही छापला आहे. तुमच्याकडे जुने फोटो असतील तर जरूर पाठवा. डाग, घड्या, अर्धवट चेहरे असू द्यात. आधी त्यांची एक प्रत जशीच्या तशी जपून ठेवू, रंग नंतर भरता येतील.